सुतारकामाची पहिली हत्यारं: थोड्या पैशांत, कोणत्या क्रमाने आणि कशी तपासून घ्यायची

सुतारकाम शिकायचं मनावर घेतलं की बहुतेकांची पहिली खरेदी ठरलेली असते. शंभर नगांची पेटी असलेला ड्रिल, पाठोपाठ जिगसॉ (विजेवर चालणारी छोटी करवत), आणि मग सहा पटाश्यांचा (लाकूड तासायच्या सपाट धारेच्या हत्यारांचा) चकचकीत सेट. पाच-सहा हजार जातात. फळी कापायला घेतली की कळतं, फळी धरायला काही नाही, रेघ काटकोनात येत नाही आणि पटाशी लाकूड कापण्याऐवजी चेंबवते. महिन्याभरात सगळं माळ्यावर जातं आणि "आपल्याला हे जमणारं नाही" असं मनाशी पक्कं होतं. हात शिकायला तयार असतात, चुकलेला असतो तो खरेदीचा क्रम. म्हणून हा लेख त्या क्रमाबद्दल आहे.

हिशोबासाठी हातात सहा हजार रुपये आहेत असं धरतो. खाली दिलेल्या किमती अंदाजे आहेत; गाव, दुकान आणि दर्जा बदलला की त्याही बदलतील. कमी-जास्त पैसे असले तरी क्रम हाच ठेवा.

## १. आधी काम ठरवा, मग यादी

हत्यारांची यादी इंटरनेटवरून उतरवून घेऊ नका. पहिलं काम ठरवा आणि ते करायला काय काय लागेल ते एकेक पायरी लिहीत काढा.

मी सुचवेन ते काम म्हणजे पाट. पाऊण इंच जाडीच्या तीन फळ्या, प्रत्येकी साधारण चार-पाच इंच रुंद आणि दीड फूट लांब. त्या शेजारी शेजारी ठेवून खालून दोन आडव्या पट्ट्या स्क्रूने बसवायच्या. जेवायला बसता येतं, पूजेला वापरता येतो, आणि चुकलं तर लाकूड फारसं वाया जात नाही. यात मोजणं, आखणं, आडवं कापणं, भोक पाडणं, कडा मारणं आणि घासणं सगळं येतं. कपाट, पलंग, दिवाण यांच्या वाटेला आत्ता जाऊ नका.

आता कागदावर लिहा:

- फळ्या सारख्या लांबीच्या कापायच्या: टेप, गुण्या (काटकोन आखायचं हत्यार), करवत, फळी आवळून धरायला शिकंजे.
- पट्ट्यांची टोकं तिरकी करायची, कडा मारायच्या: पटाशी, तिला धार लावायला दगड.
- स्क्रू बसवायचे: भोक पाडायचं साधन, स्क्रू ड्रायव्हर.
- घासायचं: पॉलिश पेपर आणि त्याला गुंडाळायला लाकडी ठोकळा.

या यादीत राउटर (लाकडात खाच पाडायचं विजेचं यंत्र) नाही, जिगसॉ नाही, सहा पटाश्या नाहीत. यादी इतकी लहान दिसते म्हणून ती अपुरी वाटेल. तशी ती नाही.

तपासा: यादीतल्या प्रत्येक हत्यारापुढे "हे पाटाच्या कोणत्या पायरीला लागतं" ते लिहिता येतंय का? येत नसेल तर ते खोडा.

## २. पैशांची वाटणी

चूक बहुधा इथेच होते. सगळे पैसे कापणाऱ्या हत्यारांवर जातात. मोजणाऱ्या, धरणाऱ्या आणि धार लावणाऱ्या वस्तूंसाठी काही उरत नाही. माझी वाटणी अशी:

- मोजणी-आखणी (टेप, स्टीलची पट्टी, गुण्या, आणि कडेला समांतर रेघ आखायला मार्किंग गेज): ७०० च्या आसपास
- एक करवत: ४०० ते ५००
- दोन पटाश्या: ४०० ते ५००
- धारेचा दगड: ३०० ते ४००
- हातोडी आणि लाकडी मोगरी: ४००
- शिकंजे, किमान तीन, जमल्यास चार: १,००० ते १,२००
- चष्मा, मास्क, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर: ४००
- लाकूड आणि स्क्रू: ६०० ते ८००

जास्तीचा खर्च धरला तरी उरणारे हजार-बाराशे हात न लावता बाजूला ठेवायचे. पाट तयार झाल्यावर आपल्याला नेमकं काय कमी पडलं ते कळतं, आणि ते पैसे तेव्हा कामी येतात.

ड्रिल या यादीत मुद्दाम नाही. ड्रिल ही मागून मिळणारी वस्तू आहे. सोसायटीत, चाळीत, मित्राकडे कुठे ना कुठे एक असतोच. पटाशी मात्र कोणी देत नाही, आणि कोणत्याही सुताराकडे ती मागूही नये. तिची धार त्याने स्वतःच्या हाताने लावलेली असते. पाटाला भोकं आठ-बाराच लागतात. ती हातगिरमिटानेही पाडता येतात.

## ३. कुठे घ्यायचं

पहिली खरेदी दुकानात जाऊन करा. ऑनलाइन स्वस्त मिळतं हे खरं, पण गुण्या काटकोनात आहे का, पटाशीची पाठ सपाट आहे का हे फोटोत दिसत नाही. टेप, चष्मा, पॉलिश पेपर अशा गोष्टी ऑनलाइन घेतल्या तर हरकत नाही.

पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीटचा परिसर इथे हत्यारांची दुकानं एकमेकांना लागून आहेत. दुसरीकडे असाल तर गावातले सुतार जिथून घेतात ते हार्डवेअरचं दुकान शोधा. सकाळी दुकान उघडताना सुतार आणि प्लंबर सामान न्यायला येतात, तेव्हा गर्दी असते. दुपारी जा, दुकानदाराला दाखवायला वेळ असतो.

दुकानात जाताना खिशात तीन गोष्टी ठेवा: एक फूटभर स्टीलची पट्टी, बारीक टोक केलेली पेन्सिल, आणि एक कडा सरळ असलेला प्लायचा छोटा तुकडा. पुढच्या तपासण्यांना याच लागतील. तपासतो म्हटल्यावर नाराज होणारा दुकानदार असेल तर शेजारच्या दुकानात जा.

जुनी हत्यारं घ्यायची असतील तर पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तिथे चांगलं पोलाद स्वस्तात मिळू शकतं, पण पारख लागते. वरवरचा तांबूस गंज चालतो, तो घासून निघतो. गंजाने खड्डे पडले असतील आणि ते पटाशीच्या पाठीवर धारेजवळ असतील तर सोडून द्या. तिथे धार कधीच एकसंध येणार नाही. ओतीव लोखंडी रंध्याच्या अंगाला, विशेषतः पातं बाहेर येतं त्या फटीच्या दोन्ही बाजूंना, तडा आहे का ते उजेडात धरून बघा. तडा असेल तर फुकटातही घेऊ नका.

सावधान: पहिल्याच खेपेला जुन्या बाजारातून सगळं घेऊ नका. बोथट जुन्या हत्याराला ठीक करणं हे स्वतंत्र काम आहे, आणि त्यासाठी आधी धार लावता यायला हवी.

## ४. मोजणी आणि आखणी

टेप तीन मीटरचा पुरतो. त्याच्या टोकाचा आकडा (हूक) थोडा हलतो, तो दोष समजून ठोकून घट्ट करू नका. आकड्याच्या पत्र्याची जेवढी जाडी, तेवढाच तो हलायला हवा: बाहेरून अडकवला तर पुढे सरकतो, आतून टेकवला तर मागे, आणि दोन्ही वेळा माप बरोबर येतं. जास्त हलत असेल तर टेप बदला.

इंच आणि सेंटीमीटर दोन्ही असलेला टेप घ्या. वखारीत आणि सुतारांच्या बोलण्यात माप इंच-सुतात चालतं. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिलिमीटरहून किंचित जास्त. "सव्वाचार इंच" म्हणजे चार इंच दोन सूत, हे डोक्यात बसलेलं बरं. मात्र एका कामात एकच पद्धत वापरा. लांबी इंचात आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये लिहिली की गोंधळ ठरलेला.

सगळ्या यादीत सर्वांत नीट तपासून घ्यायची वस्तू म्हणजे गुण्या. तपासणी अशी:

१. प्लायच्या तुकड्याच्या सरळ कडेला गुण्याचा जाड दांडा घट्ट टेकवा आणि पात्याच्या कडेने बारीक रेघ ओढा.
२. गुण्या उलटा करा, म्हणजे दांडा आता दुसऱ्या बाजूला येईल. रेघेच्या खालच्या टोकावर पातं आणून दुसरी रेघ ओढा.
३. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना त्या फाकत असतील तर जेवढी फट दिसते त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

सहा इंच लांबीत दोन रेघांमधली फट पेन्सिलच्या रेघेच्या जाडीपेक्षा जास्त दिसली तर तो गुण्या ठेवून द्या आणि दुसरा मागा. एकाच पेटीतले चार गुण्या तपासले तर एक तरी बरा निघतो. गुण्यात चूक असेल तर पुढचा प्रत्येक काप चुकतो, आणि नवशिक्याला वाटतं हात वाकडा पडतोय.

मार्किंग गेज साधा लाकडी चालतो. त्याचा सरकणारा ठोकळा न अडकता हलतो का, आणि स्क्रू आवळल्यावर तसूभरही सरकत नाही ना, एवढं बघा.

तपासा: घरी आल्यावर टेप आणि स्टीलची पट्टी शेजारी ठेवून जुळवा, टेपच्या १० सेंमीच्या खुणेपासून मोजून. मग पाटाच्या संपूर्ण कामात तेच दोन वापरा.

## ५. करवत: एकच, पण सरळ

एक हातकरवत घ्या, पातं अठरा ते वीस इंच, एका इंचात आठ-नऊ दात. दात याहून मोठे असतील तर लाकूड उभं चिरायला ती बरी पडते, आडव्या कापाला मात्र कडा फाटतात. याहून बारीक असतील तर फळी कापताना हात भरून येतो.

दुकानात तीन गोष्टी बघा. दातांच्या ओळीवरून एक डोळा मिटून नजर टाका. पातं कुठे लाटेसारखं वळलेलं दिसता कामा नये. मग टोक धरून पातं कमानीसारखं वाकवा आणि सोडा. ते पुन्हा सरळ यायला हवं. शेवटी दात समोरून बघा. ते एक डावीकडे, एक उजवीकडे असे सारखे वाकवलेले असतात. याने कापाची चीर पात्यापेक्षा रुंद होते आणि करवत अडकत नाही. एका बाजूचे दात जास्त वाकलेले असतील तर करवत कायम त्या बाजूला ओढेल.

आणखी एक: दातांची टोकं निळसर-काळी दिसत असतील तर ते कडक केलेले आहेत. असे दात खूप दिवस टिकतात, पण तिकोनी कानस त्यांच्यावर चालत नाही. बोथट झाली की करवत बदलावी लागते. पहिल्या करवतीला हे चालेल. धार लावायचं झंझट सुरुवातीला पटाशीपुरतंच ठेवलेलं बरं.

ओढून कापायची जपानी करवत हल्ली सहज मिळते. पातळ पात्यामुळे तिचा काप सुरेख येतो आणि पाइनसारख्या मऊ लाकडात हात लवकर बसतो. पण बाभूळ, शिसव अशा कडक लाकडात जोर दिला की तिचे दात मोडतात. तुम्ही पाइनमध्येच काम करणार असाल तर ती जरूर घ्या, मात्र दोन्ही करवती एकदम नकोत.

## ६. पटाश्या: दोनच

१२ मिमी आणि २५ मिमी, म्हणजे अर्धा इंच आणि एक इंच. ज्यांच्या दोन्ही कडा वरून उतरत्या आहेत अशा घ्या; कोपऱ्यात जातात. सहाच्या सेटमधल्या चार पटाश्या वर्षभर पेटीत पडून राहतात. तेवढ्या पैशांत दोन चांगल्या येतात.

पटाशीची पाठ, म्हणजे उतार नसलेली सपाट बाजू, सर्वांत महत्त्वाची. धार म्हणजे पाठ आणि उतार जिथे भेटतात ती रेघ. पाठ सपाट नसेल तर ती रेघ कधी नीट होत नाही. स्टीलच्या पट्टीची कड पाठीवर उभी टेकवा आणि उजेडासमोर धरा. मध्ये बारीकशी पोकळी दिसली तर चालेल. मध्ये फुगवटा असेल, पट्टी दोन्ही बाजूंना डुलत असेल, तर नको.

मूठ लाकडी असेल तर वरच्या टोकाला लोखंडी कडी आहे का बघा. नसेल तर ठोकून ठोकून लाकूड चिरतं. मुठीतून पात्याकडे नजर टाका, दोन्ही एका रेषेत हवीत.

सावधान: नवी पटाशी धारदार नसते. दुकानातून येते ती फक्त आकार दिलेली असते. तिने थेट काम सुरू केलं तर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती सटकते. बोथट पटाशीने होणाऱ्या जखमा धारदार पटाशीच्या जखमांपेक्षा जास्त असतात, कारण तिला ढकलावं लागतं.

## ७. धार: इथे घाई करू नका

या पायरीला एक पूर्ण रविवार द्या. हे जमलं तर बाकी सगळं सोपं जातं.

बाजारात कार्बोरंडमचा दुहेरी दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. आठ इंच लांबीचा घ्या; लहान दगडावर पटाशी सरकायला जागा नसते. त्यावर पाणी वापरायचं की तेल ते आधीच ठरवा. एकदा तेल मुरलं की मग त्यावर पाणी धरत नाही.

याहून स्वस्त वाट म्हणजे काच आणि वॉटर पेपर. काचेच्या दुकानातून आठ-दहा मिमी जाडीचा, फूटभर लांबीचा तुकडा घ्या आणि त्याच्या कडा घासून मागा. २२०, ४००, १००० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर आणा. काच सपाट असते म्हणून पाठ सपाट करायला ही पद्धत दगडापेक्षाही बरी. कागद ओला करून काचेवर चिकटवला की काम सुरू.

क्रम:

१. पाठ. पटाशीची पाठ कागदावर पूर्ण टेकवून धारेकडचा एक इंच भाग घासा. २२० पासून सुरू करा. धारेपर्यंत सगळीकडे एकसारखे ओरखडे दिसले की पुढच्या नंबरवर जा. हे एका पटाशीला एकदाच करायचं असतं, पण याला वेळ लागतो. अर्धवट सोडू नका.

२. उतार. कोन २५ ते ३० अंशांत ठेवा. कोनमापक नको, उताराची लांबी पटाशीच्या जाडीच्या दुप्पट असेल तर कोन ३० अंश असतो. त्याहून थोडी जास्त, जाडीच्या सव्वादोन-अडीच पट, म्हणजे २५ च्या जवळ. मऊ लाकडाला २५, कडक लाकडाला ३०. हात डुलत असेल तर पटाशी धरणारा छोटा चाकाचा गाइड मिळतो. तो वापरण्यात काही कमीपणा नाही.

३. बर. उतार घासत राहिलं की पाठीच्या बाजूला धारेवर धातूची अगदी बारीक कंगोरी उठते. अंगठा पाठीवरून धारेकडे, बाहेरच्या दिशेने सरकवला की ती लागते. धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ती लागली म्हणजे तो नंबर झाला. ती लागेपर्यंत पुढचा नंबर घेऊ नका. नवशिक्यांची धार बसत नाही ती बहुधा याच कारणाने.

४. शेवटी बारीक कागदावर पाठ सपाट टेकवून दोन-चार हात मारा, मग उतार, पुन्हा पाठ. बर गळून पडते. जुन्या चामडी पट्ट्यावर दोन्ही बाजू मागे ओढून घेतल्या तर आणखी बरं.

तपासा: पाइनच्या तुकड्याचं कापलेलं टोक, जिथे लाकडाचे तंतू उभे दिसतात, तिथून पटाशीने हाताच्या जोराने पातळ ढलपी काढा. पृष्ठभाग गुळगुळीत, चमकदार आला तर धार लागली. तंतू चिरडून पांढरट खरखरीत झाले तर पुन्हा उताराच्या पायरीवर जा. अंगठ्याच्या नखावर किंवा हाताच्या केसांवर धार बघण्यापेक्षा ही परीक्षा खरी, कारण पटाशीला काम लाकडावरच करायचं आहे.

सावधान: रस्त्यावरच्या धारवाल्याकडे किंवा वेल्डिंगच्या दुकानातल्या ग्राइंडरवर पटाशी देऊ नका. ठिणग्या उडतात, टोक निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी उतरलं. तेवढा भाग घासून संपेपर्यंत धार टिकत नाही.

## ८. धरायची सोय

फळी हलत असेल तर जगातली उत्तम करवतही सरळ कापत नाही. गावोगावचे जुने सुतार जमिनीवर बसून पायाने लाकूड धरतात. ते बघायला सोपं वाटतं, पण त्यामागे वर्षानुवर्षांची सवय असते. अनवाणी पायाने फळी दाबून पटाशी चालवायला पहिल्या महिन्यात जाऊ नका.

शिकंजे म्हणून बारा इंची एफ क्लॅम्प तीन-चार घ्या. दोन फळी टेबलाला आवळायला, बाकीचे चिकटवलेलं दाबून धरायला. घेताना सरकणारा जबडा दांड्यावर मोकळा चालतो का आणि आवळल्यावर दांडा वाकतो का ते दुकानातच आवळून बघा. जोरात आवळल्यावर जबडे एकमेकांना समांतर राहायला हवेत.

सुतारकामाचा बाकबीक आत्ता नको. जुनं जड टेबल, शिलाई मशीनचं स्टँड, ओट्याचा उरलेला ग्रॅनाइट टाकलेली भक्कम तिवई, काहीही चालेल. डुलायला नको एवढंच. त्यावर एक अडणी स्वतः करा: फूटभर प्लायच्या तुकड्याला एका टोकाला खालून आणि दुसऱ्या टोकाला वरून एकेक लाकडी पट्टी स्क्रूने मारायची. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला फळी टेकवून कापायची. खर्च शून्य, आणि तुमचं हे पहिलं स्वतः केलेलं हत्यार.

## ९. लाकूड

नवी पटाशी आणि नवा हात घेऊन सागवानाला हात लावू नका. महागही पडतं आणि भीतीने हात आखडतो. वखारीत पॅकिंगचं पाइन मिळतं. सरळ, कमी गाठींच्या फळ्या निवडा. फळी एका टोकाने डोळ्याजवळ धरून लांबीकडे बघा. पिळलेली असेल तर ती नको. वखारीतच मशीनवर दोन्ही बाजू रंधून द्यायला सांगा. याचा खर्च थोडा असतो आणि त्यामुळे रंधा पहिल्या खरेदीतून वगळता येतो.

खिळे काढलेल्या जुन्या खोक्याच्या फळ्या असतील तर एकेक भोक तपासा. आत तुटून राहिलेला एक खिळा करवतीचे चार दात घेऊन जातो.

पाटाच्या पट्ट्या बसवताना एक काळजी: पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. लांबीत मात्र ती जवळपास तेवढीच राहते. आडव्या पट्टीला फळी कडेपासून कडेपर्यंत फेव्हिकॉलने चिकटवून टाकली तर ती फुगायला-आकसायला जागाच उरत नाही आणि मेमध्ये तडा जातो. प्रत्येक पट्टीतून प्रत्येक फळीला दोनच स्क्रू मारा, एका भोकाला थोडं लांबट करा आणि चिकटवू नका. पट्टी एक इंच जाड असेल तर दीड इंची स्क्रू फळीत अर्धा इंच जातो. पाऊण इंचाच्या फळीतून वर टोक येत नाही.

## १०. दुसऱ्या फेरीची खरेदी

पाट तयार झाला, त्यावर कोणीतरी बसून जेवलं, मग बाजूला ठेवलेले हजार-बाराशे काढा. कशाचा अभाव सर्वांत जास्त जाणवला ते आधी.

रंधा हवासा वाटला असेल तर दोन वाटा आहेत. लाकडी रंधा स्वस्त असतो. पातं पाचरीने धरलेलं असतं आणि हातोडीच्या हलक्या टिचक्यांनी बसवायचं असतं. पात्याच्या डोक्यावर टिचकी मारली की ते खाली उतरतं, छोट्या रंध्याच्या मागच्या बाजूला मारली की वर येतं. हे हाताला लागायला काही दिवस जातात. लोखंडी रंध्याला फिरवायची चाकी असते, म्हणून नवशिक्याला तो सोपा. किंमत मात्र जास्त, त्यासाठी थोडे पैसे आणखी साठवावे लागतील. दोन्ही प्रकारांत पात्याला पटाशीसारखीच पाठ सपाट करून धार लावावी लागते. रंधा "चालत नाही" अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा पातं जास्त बाहेर असतं. आधी पूर्ण आत घ्या, मग केसभर केसभर बाहेर काढत जा, पातळ छिलका निघेपर्यंत.

ड्रिल घ्यायचाच असेल तर दोन-तीन हजार साठवून वायरवाला घ्या. त्याच पैशांतल्या स्वस्त बॅटरीच्या ड्रिलची बॅटरी आधी जाते. १० मिमीचा चक (बिट धरणारा जबडा), कमी-जास्त होणारा वेग आणि उलटा फिरण्याची सोय, एवढं पुरे. लाकडात हॅमरची (ठोके देत फिरण्याची) सोय बंद ठेवा. बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकानातून निघू नका. सोबत मधे अणकुचीदार टोक असलेले लाकडाचे चार-पाच बिट घ्या, मोठी पेटी नको.

त्यानंतरच्या खरेदीचा माझा क्रम: सांध्यांसाठी बारीक दातांची पाठवाली (पात्याच्या वरच्या कडेला जाड पट्टी असलेली) करवत, मग ६ मिमीची पटाशी, मग आणखी शिकंजे. विजेची कापणारी यंत्रं याच्याही पुढे.

सावधान, आणि हे अगदी मनापासून: फरशी कापायच्या कटरला किंवा अँगल ग्राइंडरला लाकडाचं दातेरी पातं लावून फळ्या कापताना अनेक जण दिसतील. साइटवर रोज होतं म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. ती यंत्रं या पात्यासाठी केलेली नाहीत. पातं लाकडात अडकलं की यंत्र झटक्यात मागे उसळतं, आणि हात पात्याच्या समोरच असतो. पैसे वाचवायला हा मार्ग घेऊ नका. फिरत्या यंत्राजवळ हातमोजे, सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी काहीही नको. पायात चपलेऐवजी बूट घाला. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) कापताना मास्क लावाच, त्याची धूळ फार बारीक असते.

## ११. पावसाळ्यात जपणूक

कोकण, मुंबई, गोवा इथे जूनमध्ये पेटीत ठेवलेली पटाशी ऑगस्टमध्ये तांबूस होऊन निघते. काम झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, मग शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात फिरवा. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, कागद ओल धरतो. घामाच्या हाताने पाठीला धरलं असेल तर तिथे बोटांचे ठसे गंजतात, तेवढी जागा आधी पुसा. पटाश्या एकमेकींवर टाकू नका. जाड कापडाची कप्पे शिवलेली गुंडाळी घरी करता येते.

पाऊस संपता संपता खंडेनवमी येते आणि सुतारांच्या घरी हत्यारं पुसून पूजेला मांडली जातात. त्याच्या आदल्या दिवशी तुमचीही पेटी रिकामी करा: गुण्या पुन्हा उलटा करून तपासा, मार्किंग गेजचा ठोकळा पावसात फुगून अडकलाय का बघा, दोन्ही पटाश्यांच्या पाठी १००० नंबरच्या कागदावर टेकवून घ्या आणि करवतीच्या दातांमधला चिकट भुसा जुन्या टूथब्रशने काढा.